माझ्या गळ्यातली लाल चिंधी

“एका बाटलीला एकच काम द्यायचं, पोरी. गवताची बाटली वेगळी, भाजीची वेगळी. गळ्यात चिंधी बांधून ठेव, म्हणजे घोटाळा व्हायचा नाही.”

दूर समुद्रकाठच्या अनलोगा गावच्या बाजारात बी-बियाणं विकणाऱ्या म्हातारीनं मला गिऱ्हाइकाच्या हातात देताना हे सांगितलं होतं. गिऱ्हाइकाचं लक्ष कडेवरच्या बाळाकडे होतं. ऐकलं ते मी. आणि ऐकून मनातल्या मनात हसले. मी प्लॅस्टिकची. पाणी घालून तीनदा खळबळलं की पुन्हा कोरी. मला कशाला हवी चिंधी?

मित्रांनो, मी एक जुनी फवारणीची बाटली आहे. माझं पोट हिरवं, डोकं काळं आणि नाक पितळेचं. पोटात दोन लिटर पाणी मावतं. डोक्यावरचा दट्ट्या वीस-पंचवीस वेळा दाबला की आत हवा कोंडते आणि खटका ओढला की नाकातून धुक्यासारखे तुषार उडतात. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. गरम साचा आठवतो, मग अंधारी पेटी, मग जहाजाचं डोलणं. उजेड पाहिला तो एकदम त्या म्हातारीच्या दुकानात. तिथं आम्ही बहिणी एका दोरीला ओळीनं टांगलेल्या होतो आणि वाऱ्यानं एकमेकींवर आपटत होतो.

मला घरी नेणारीचं नाव सेफाकोर. ती शाळेत शिकवायची. बाळंतपणाची रजा वाढवून घरीच राहिली होती, कारण तिची मुलगी एयराम आठ महिन्यांची होती, जमिनीवर दिसेल ते तोंडात घालायची. नवरा तेमाच्या बंदरात कामाला, महिन्यातून एकदा यायचा. घरात सेफाकोरच्या वडिलांची थोरली बहीण होती. तिला सगळी गल्ली तासी म्हणायची, म्हणजे आत्या. तासीचे गुडघे दुखत, तोंड मात्र ठणठणीत होतं.

घरामागं वाळूचे वाफे होते आणि त्यातल्या एका वाफ्यात मिरचीची सात रोपं.

ही सात रोपं साधी नव्हती. सेफाकोरची आई त्या वर्षीच वारली होती, अचानक, दुपारी भांडी घासता घासता. तिची मिरची सगळ्या वस्तीत प्रसिद्ध होती. गोल, सुरकुतलेली, हळदीच्या रंगाची. नुसती मोडली तरी दोन घरं पलीकडं वास जायचा. पहिल्या बेचक्यात धरलेल्या फळाचंच बी ती ठेवायची, कापडाच्या कोपऱ्यात गाठ मारून. आई गेल्यावर सेफाकोरला उशाखाली ती गाठ सापडली. तिनं सगळं बी पेरलं. एकही दाणा मागं ठेवला नाही. उगवली ती सात. त्यापलीकडं त्या मिरचीचं बी जगात कुठं नव्हतं.

वर्षश्राद्धाला अंगणात मांडव पडणार होता, नातलग येणार होते. आईच्या खरबरीत मातीच्या वाडग्यात आईचीच मिरची वाटायची, कांदा-टोमॅटो घालून तळलेल्या माशाबरोबर वाढायची, असं सेफाकोरनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आमच्याकडं या वाटणाला तादी म्हणतात.

मला आणलं ते मावा पडला म्हणून. कोवळ्या शेंड्यांना काळे-हिरवे किडे बिलगले होते, पानं चिकट झाली होती. सेफाकोर शिकलेली, पण घाबरट आई. किडे बघितले आणि तिचा जीव वर-खाली झाला. भर दुपारी तिनं माझ्या पोटात कपडे धुण्याच्या साबणाची मूठभर पूड घातली, फेस येईपर्यंत हलवलं आणि सातही रोपांवर मारलं. दुसऱ्या दिवशी किडे मेले होते, आणि पानांवर भाजल्यासारखे तपकिरी डाग पडले होते.

तेव्हा पहिल्यांदा मी एफो कोसीला पाहिलं. तो सेफाकोरच्या आईचा चुलतभाऊ, जाळी ओढणारा कोळी, एकटा जीव. एफो म्हणजे थोरला भाऊ. गल्लीतली लहान-मोठी सगळी त्याला तेच म्हणायची. बहीण गेल्यापासून त्याचं दुपारचं जेवण याच घरून जायचं. झाकलेलं ताट तासी त्याच्या ओट्यावर ठेवून यायची आणि संध्याकाळी तो ते धुऊन परत आणायचा.

त्यानं डागाळलेलं पान हातात घेतलं. “सेफा, मिरचीला आंघोळ घातलीस की धुणं बडवलंस?”

“किडे होते एफो. किती होते बघायला हवं होतं तुम्ही.”

“किडे बघून घाबरायचं नाही. पान उलटायचं. वरून दिसतो तो किडा दहातला एक, नऊ खाली बसलेले असतात.”

मग त्यानंच तिला शिकवलं. कडुनिंबाचा पाला रात्रभर भिजवायचा, सकाळी जुन्या कापडातून दोनदा गाळायचा, साबण घालायचा तो नखावर राहील एवढाच. फवारायचं ऊन उतरल्यावर, आणि खालून वर, पानाच्या पोटाला. चुलीतली राख चाळून बुडाशी टाकायची. दर शुक्रवारी संध्याकाळी हा आमचा नेमच झाला. सेफाकोर बाळाला तासीकडं द्यायची, तोंडाला रुमाल बांधायची आणि मला उचलायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशी एक छोटी फुली मारायची. शाळेची सवय.

माझ्यात एक खोट होती. पोटात एकदाच पाणी भरलं तर सहा रोपं निघायची. सातवं न्हाणीच्या कुडाजवळ होतं, तिथं पोचेपर्यंत माझा दम संपलेला असायचा. पुन्हा भरायला जावं तर बाळ रडायला लागलेलं असायचं. म्हणून सातव्याची पानं सेफाकोर ओल्या फडक्यानं पुसून काढायची, एकेक उलटून. मला त्याची लाज वाटायची. त्या खोटीनंच पुढं काय वाचवलं, ते ऐका.

ते महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. रोपं कमरेला लागली. पांढरी फुलं आली. शेजारच्या बायका कुंपणावरून बघायच्या, म्हणायच्या, “सेफाकोरच्या घरी मिरचीची डॉक्टरीण आहे म्हणे.” डॉक्टरीण म्हणजे मी. मी खुंटीला लटकून हे ऐकायची आणि माझं पितळेचं नाक आणखी वर व्हायचं.

मग श्राद्धाची तयारी सुरू झाली. आमच्याकडं पाहुण्यांपुढं गवत वाढलेलं अंगण ठेवणं म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान. मांडव घालायच्या आधी महिना-दीड महिना अंगण तणनाशक मारून साफ करतात, म्हणजे वाळलेलं गवत झाडून काढता येतं. हे काम एफोनं अंगावर घेतलं. बहिणीचं अंगण होतं ना.

“सेफा, तुझी बाटली नेऊ का गं? माझ्या पंपाचा पट्टा तुटलाय.”

सेफाकोर बाळाला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, “न्या ना एफो. विचारता काय.”

त्या दिवशी माझ्या पोटात जे ओतलं त्याचा वास मला आवडला नव्हता. पण कामाला कधी नाही म्हटलं नाही मी. अंगण, पाऊलवाट, फाटकाजवळचा कोपरा, सगळीकडं फिरले. एफोनं मला विहिरीवर नेऊन तीनदा धुतलं. वास घेऊन बघितला, पुन्हा एकदा खळबळलं. मग समाधानानं खुंटीला अडकवलं. मीही म्हटलं, झाले की स्वच्छ. बाजारातली म्हातारी मला आठवलीसुद्धा नाही.

पण मित्रांनो, पोट धुतलं म्हणजे सगळी धुतली असं नसतं. माझ्या आत एक रबरी नळी आहे. नाकात बारीक जाळी आहे. दट्ट्याखाली वाटोळं रबर आहे. त्या रबरात ते औषध मुरून बसलं होतं, डोळ्याला दिसणार नाही, नाकाला कळणार नाही एवढंसं. मिरचीला मात्र तेवढं पुरतं.

शुक्रवारी कडुनिंबाचं पाणी भरलं आणि नेहमीसारखी सहा रोपांवर फवारणी झाली. एफो दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या गावी मोठं जाळं ओढायला गेला, तो पुढं दोन आठवडे आलाच नाही.

पाच दिवसांनी शेंडे वळायला लागले.

आधी एक, मग सगळे. नवीन पानं रुंद येण्याऐवजी चिंचोळी आली, फितीसारखी. जुनी पानं वाटीसारखी आत वळली. देठ पिळवटल्यासारखे झाले. सेफाकोरनं फोनवर शोधलं, पुस्तक काढलं. दोन्हीकडं तिला चुरडा-मुरडा रोग सापडला, पांढरी माशी पसरवते तो. पान उलटलं तर दोन माश्या उडाल्याही. झालं. शत्रू सापडला. तिनं पुन्हा पाला भिजवला आणि मला उचललं.

त्या दुसऱ्या फवारणीला मला शंका आली. तिसऱ्या वेळी खात्रीच पटली. माझ्या नाकातून तुषार उडाले की ती पानं जणू अंग आखडून घेत. अंगणातलं गवत मरताना असंच पिळवटलेलं मी पाहिलं होतं. मी ओरडायला हवं होतं. पण बाटलीला आवाज असतो तो फक्त फस्स असा, आणि तो तर सेफाकोरला औषध लागू पडतंय असाच वाटायचा.

तासी काठी टेकत वाफ्याशी आली. “उपट आणि जाळ. रोग आहे तो. सातव्याला लागला तर बसशील कपाळ धरून.”

“नाही उपटणार.”

“मग काय करणार?”

“बरी करणार.”

“तुझ्या आईसारखीच बोलायला लागलीस. तिनंही कोंबडीचं पिल्लू असंच चार दिवस उशाशी घेऊन झोपवलं होतं.”

“जगलं होतं ना ते?”

“जगलं. मोठं झालं आणि मलाच टोचायचं,” असं म्हणत तासी परत फिरली.

एका रविवारी एफो कोसी परत आला. पाठीवर जाळं तसंच होतं. तो थेट मागं आला, वाफ्यापाशी उभा राहिला. वळलेलं एक पान धरलं, सोडलं. मग त्यानं खुंटीकडं, माझ्याकडं पाहिलं. किती वेळ पाहत होता कोण जाणे. घरात सेफाकोर बाळाला न्हाऊ घालत होती, तिला त्याची चाहूलही लागली नाही. तो आल्या वाटेनं निघून गेला. त्याला कळलं होतं. त्या सगळ्या जगात कळलेले आम्ही दोघंच होतो, आणि दोघंही मुके.

बुधवारी सकाळी सेफाकोर उठली ती ठरवूनच. रात्री झोपली नव्हती बहुतेक, डोळे तसे दिसत होते. सहा रोपं आखडून बसली होती, त्यांची फुलं गळाली होती. सातवं मात्र ताठ होतं, त्यावर कोवळ्या मिरच्या धरल्या होत्या. ती त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, “तुला नाही लागू देणार. आज आधी तू.”

तिनं मला काठोकाठ भरलं. दट्ट्या दाबायला लागली. एक, दोन, तीन. माझ्या पोटात हवा कोंडत गेली. मी कधी नव्हे ते मनापासून मागितलं की माझं रबर फाटावं, नळी निसटावी, काहीही व्हावं. काही झालं नाही. त्या दिवसापुरती मी अगदी धडधाकट होते. माझं नाक सातव्या रोपाच्या शेंड्याकडं वळलं.

“सेफा.” तासी दारात उभी होती, हातात झाकलेलं ताट. “कोसीनं कालही ताटाला हात लावला नाही. तिसरा दिवस. आकप्लेच्या, मक्याच्या उकडीच्या गोळ्यावर बुरशी धरायची वेळ आली.”

“गेले असतील जाळ्यावर.”

“जाळं दारात पडलंय. दार आतून लावलंय. हाक मारली तर म्हणतो, भूक नाही. कोसीला भूक नाही, असं मी साठ वर्षांत ऐकलं नाही.”

सेफाकोरचं बोट खटक्यावर होतं. तिनं रोपाकडं पाहिलं. मग ताटाकडं. घाबरट माणसाचा एक गुण असतो, मित्रांनो. काही चुकतंय हे त्याला लवकर टोचतं. तिनं मला वाळूत ठेवलं, बाळाला पाठीशी बांधलं आणि ती खाडीकडं, एफोच्या घराच्या वाटेला लागली.

मी तिथं उन्हात उभी राहिले, भरलेली, कोंडलेली. नाकातून एकेक थेंब वाळूत पडत होता. सातव्या रोपापासून वीतभर लांब. मी ते थेंब मोजत बसले.

ती परत आली तेव्हा एफो तिच्या मागं होता. दाढी वाढलेली, सदरा उलटा घातलेला. वाफ्याच्या कडेला येऊन तो उकिडवा बसला.

“ती बाटली आधी लांब ने,” तो म्हणाला.

सेफाकोर हलली नाही. “सांगा मला. तुमच्या घरी तुटक सांगितलंत तसं नाही, नीट सांगा.”

“हा रोग नाही. रोग असा सगळ्यांना एकदम धरत नाही. गवत मरताना असंच वळतं. मी अंगणात मारलं ते हिच्यातूनच. तीनदा धुतली होती गं. चारदा.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “रविवारी बघितलं आणि दार लावून बसलो. बहिणीची मिरची मी मारली. ते तुला कसं सांगायचं?”

“तीन वेळा फवारलं मी, एफो. आणि रविवारपासून तुम्हाला माहीत होतं. आज मी हे सातवं...” बाळानं पाठीवरून तिचे केस ओढले.

मग तासीनं ताट एफोच्या पुढ्यात ठेवलं. “तू आधी खा. उपाशी माणसाला शिव्या देण्यात मजा नाही. आणि तू, सेफा, पाणी काढ. रडायचं ते पाणी ओढता ओढता रड, हात रिकामे नको.”

त्या दुपारपासून त्या घरात जे सुरू झालं त्याला मी चिकाटी म्हणते. एफोनं सहाही रोपांचे वळलेले शेंडे खाली चांगल्या लाकडापर्यंत छाटले आणि ती छाटण लांब नेऊन पुरली. वरची वाळू खरवडून नवी घातली. सेफाकोरनं कॅलेंडरवर लाल पेननं लिहिलं, या सहांचं एकही फळ कोणाच्या तोंडात जाणार नाही. तासी म्हणाली, “मग जगवायची कशाला?” सेफाकोर म्हणाली, “जगतात का ते बघायला.”

आणि सातवं रोप. त्याला तिनं फवारणीच नाही केली. पहाटे उजाडलं की बाळाला चटईवर, नजरेसमोर ठेवायची आणि पान उलटून किडे बोटानं चिरडायची. फडक्यानं पुसायची. दुपारी आईच्या जुन्या नेसूच्या कापडाचा आडोसा धरायची. एफो रोज जेवायला यायचा, स्वतः, ताट न्यायची वेळ येऊ देत नव्हता. जेवण झालं की तोही बसायचा पानं उलटत. दोघं फारसं बोलायची नाहीत. एकदा तो म्हणाला, “या बाजूला एक राहिलाय.” ती म्हणाली, “दिसला मला.” पुढच्या आठवड्यात ती त्याच्या ताटात माशाचं डोकं वाढायला लागली, तेव्हा मला कळलं की राग उतरला.

श्राद्धाच्या दिवशी सातव्या रोपावर नऊ मिरच्या पिकल्या होत्या. हळदीच्या रंगाच्या. सेफाकोरनं त्या पहाटे तोडल्या. पहिल्या बेचक्यातली एक तिनं अख्खी बाजूला ठेवली. बाकीच्या आठ उभ्या चिरल्या, आतलं बी चमच्यानं खरवडून ताटलीत काढलं आणि राहिलेली सालं आईच्या वाडग्यात टाकली. तो वास उठला आणि मांडवातली माणसं बोलायची थांबली. एका म्हाताऱ्या बाईनं डोळे पुसले, म्हणाली, “तिखट आहे हो.” सगळ्यांनी मान डोलावली. कोणी वेगळं कारण सांगितलं नाही.

हात मिरचीचे म्हणून सेफाकोरनं दिवसभर बाळाला उचललं नाही. लेक रडली तरी तासीच्या मांडीवरच राहिली. पहिला घास एफोला वाढला. त्यानं तो खूप वेळ चघळला.

सहांतली दोन रोपं मेली. चार फुटली. पाचव्या आठवड्यात त्यातल्या एकानं सरळ, रुंद पान काढलं. सेफाकोर ते पान बघायला तिन्हीसांजेपर्यंत बसली होती. आता त्या ताटलीतल्या बियांची रोपं वाफ्यात आहेत, आणि बाजूला ठेवलेल्या मिरचीच्या बियांची एक गाठ एफोच्या घरी, एक तासीच्या पेटीत, एक तेमाला नवऱ्याच्या खोलीत. एकाच उशाखाली सगळं ठेवायचं नाही, हे ती शिकली.

आणि मी? सेफाकोरनं मला फेकलं नाही. तिनं माझ्या गळ्यात लाल चिंधी बांधली, दुहेरी गाठ मारून, आणि बाळाचा हात कधी पोचणार नाही अशा उंच खिळ्याला अडकवलं. अंगणातलं गवत वाढलं तरच मला खाली काढतात. वाफ्याकडं माझं तोंडही वळवत नाहीत. दर शुक्रवारी नवीन बाटली जाते मिरचीवर. तिच्या गळ्यात हिरवा दोरा आहे. ती अजून तरुण आहे, नाक वर करून चालते. मी वरून बघते. वाईट वाटतं, पण ही चिंधी मला शोभते. पहिल्याच दिवशी बांधून घेतली असती तर बरं झालं असतं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी कोणी बहीण असेल तर तिच्या गळ्यात आजच चिंधी बांधा. मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. ‘तीनदा धुतली’ यावर विसंबू नका. पण हे काम संध्याकाळी केलंत तरी चालेल.

त्याआधी एक करा. तुमच्या ओळखीत कोणीतरी असेल, जो रोज यायचा आणि दोन-तीन दिवस आलेला नाही. ज्याचं ताट झाकलेलंच परत आलंय. भूक नाही म्हणतोय. तुम्हाला वाटत असेल कामात असेल, रागावला असेल, येईल आपोआप. सेफाकोरलाही तसंच वाटलं होतं आणि तिचं बोट माझ्या खटक्यावर होतं. हातातलं काम खाली ठेवा. चप्पल घाला. जाऊन त्याचं दार वाजवा, आणि त्यानं उघडेपर्यंत तिथून हलू नका.